गोधडी उसवताना

आमच्या आत्याबाईंनी शिवलेली शेवटची गोधडी घरात कुणी अंगावर घेत नव्हतं. आत्याबाई म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत कुंकू पुसलं गेलं आणि त्या आष्टीला भावाच्या घरी परत आल्या, त्या कायमच्याच. भावाची लेकरं, पुढं त्या लेकरांची लेकरं त्यांच्या मांडीवर वाढली. कापूस वेचून झाला, तूर घरात आली, रान मोकळं झालं की उन्हाळाभर त्या ओसरीवर गोधड्या शिवत. घरच्या शिवत, गल्लीतल्याही शिवत, आणि कुणी फारच आग्रह केला तर पायलीभर ज्वारी घेत. त्यांच्या हातच्या काही गोधड्या आमच्याकडं आजही रोजच्या वापरात आहेत. धुऊन धुऊन रंग उडाले, कापड मऊसूत झालं, पण टाक्याची ओळ हललेली नाही.

शेवटची तशी नव्हती. ती शिवली तेव्हा एका डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही नीट दिसत नव्हतं आणि दुसऱ्या डोळ्याला नुसता उजेड-अंधार कळायचा. सुईत दोरा आम्ही ओवून द्यायचो, पुढचं सगळं त्यांच्या बोटांनी. शिवून झाली तेव्हा ती बऱ्यापैकी सपाट होती, हे मला पक्कं आठवतं. पहिल्यांदा दसरा काढताना घरातल्या सगळ्या अंथरुणा-पांघरुणांबरोबर ती धुतली आणि वाळल्यावर पाहतो तर आखडून गेलेली. मधोमध फुगा, दोन कोपरे आत वळलेले, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत आडव्या चुण्याच चुण्या. लेकरं म्हणायची, टोचते. चुणीखाली कापडाचे पाच-सहा थर एकावर एक चढून कडक वळकटी झाली होती, ती कुशीवर झोपलं की बरगडीला लागायची.

आत्याबाई गेल्यानंतर या गोधडीचं काय करायचं यावर घरात दोन मतं झाली. माझ्या धाकट्या जाऊबाईंचं म्हणणं, आत्यांच्या हातची शेवटची वस्तू आहे, डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवू, हात लावायला नको. त्यांची भावना मला समजत होती. पण ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावर ऊब घातली, तिची गोधडी ट्रंकेत पडून राहावी हे मला पटेना. पांघरायला शिवली, तर पांघरली गेली पाहिजे. मी सेलूची, लग्न होऊन इकडं आले. शिवणकाम थोडंफार माहेरीच शिकलेले. माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी ती गोधडी ओसरीवर पसरली.

गोधडी दुरुस्त करायची तर आधी ती नुसती बघावी लागते. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा जमिनीवर पसरायची आणि उन्हाच्या समोर बसायचं. तिरप्या उजेडात प्रत्येक चुणीची सावली पडते आणि चुणी कुठून निघाली, कुठं संपली ते दिसतं. उलटी करून पाठ बघायची. तळहात फिरवायचा, कुठं थर जास्त झालेत आणि कुठं पोकळ राहिलंय ते हाताला कळतं.

बघता बघता लक्षात आलं की चुण्या एका जातीच्या नाहीत. काही ठिकाणी नुसता दोरा ओढला गेला होता. तिथं एक टाका उचलून कापला की दोन्ही बाजूचं कापड आपोआप सैल व्हायचं, अगदी परकराची नाडी सोडल्यासारखं. ही सगळ्यात साधी चुणी. काही ठिकाणी तुकडा मोठा आणि जागा लहान, म्हणून जास्तीचं कापड तिथल्या तिथं दाबून शिवलेलं. दिसत असतं तर आत्याबाईंनी तो तुकडा बोटभर कातरला असता. बोटांना कड लागली, कडेला कड जुळली, टाका पडला. मधे कापड जास्त आहे हे बोटांना कळायला वाव नव्हता. सांधा मात्र असा पक्का की उसवताना माझी नखं दुखली.

तिसरी चुणी उरेप तुकड्यांची. त्यांनी एका जुन्या परकराच्या कळ्या वापरल्या होत्या. कळी तिरपी कातरलेली असते. उभ्या धाग्याला किंवा आडव्या धाग्याला धरून कापड ओढलं तर ते फारसं ताणत नाही. तिरपं ओढलं की रबरासारखं लांबतं आणि सोडलं तरी पूर्ण मागं येत नाही. शिवताना हात जरासा ओढला गेला की उरेप तुकडा वाढतो आणि शेजारच्या सरळ तुकड्याला जोडल्यावर लाट येते. शिंप्याला हे पहिल्या वर्षी शिकवतात. गोधडी शिवणाऱ्या बायांना कुणी शिकवत नाही, त्यांना हाताला कळलेलं असतं, आणि म्हणून जुन्या गोधड्यांत उरेप तुकडे कडेला सहसा सापडत नाहीत, मधेच असतात.

पण एवढ्यानं सगळ्या गोधडीवर आडव्या चुण्या येत नाहीत. त्याचं कारण पाठीला होतं. पाठीला कोरं मांजरपाट लावलेलं, आणि त्याला पाणी दाखवलेलं नव्हतं. मागावर कापड विणताना उभे धागे ताणून धरलेले असतात, त्यांना खळ असते. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते, सूत सैल होतं आणि आपल्या मूळ लांबीवर येतं. कापड आटतं ते म्हणूनच, आणि रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं. वरचे तुकडे वर्षानुवर्षं धुतलेले, त्यांना आटायचं तेवढं ते केव्हाच आटून गेले होते. पाठ लांबीत आखडली, पोट, म्हणजे वरची बाजू, होतं तेवढंच राहिलं, आणि जास्तीचं कापड आडव्या वळ्या होऊन वर आलं. त्यात वरच्या तुकड्यांमध्ये निम्म्याहून जास्त पॉलिस्टरच्या साड्यांचे. पॉलिस्टर पाण्यानं आटतच नाही.

आत्याबाईंनी याआधी कधी कोरं कापड पाठीला लावलं नव्हतं. लावायची वेळच आली नव्हती. पूर्वी घरात नऊवारी लुगडी होती. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर सुती कापड. एका धड लुगड्याचे चार तुकडे करून दोन-दोन पट्टे जोडले की गोधडीचं पोट आणि पाठ दोन्ही निघायचं. आतले थर फाटक्या लुगड्यांचे, धोतराचे. इरकली लुगड्याचं अंग विरायचं पण काठ टिकायचा, तो चारी बाजूंनी गोटासारखा फिरवायचा. गुलेदगुडच्या खणांच्या जुन्या चोळ्या उसवून त्याचे तुकडे मधे. लुगडी नेसणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या, पाचवारी आली, पाचवारीतही सुती मागं पडून नायलॉन-पॉलिस्टर आलं. या साड्या फाटत नाहीत, फिकट होत नाहीत, आणि घाम टिपत नाहीत. गोधडीला घातल्या तर कितीही धुवा, मऊ पडत नाहीत. कापूस पिकवणाऱ्या या भागात आज सुती गोधडी मिळायची मुश्कील झाली आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कापसाच्या मुलखात कापूस भरलेल्या रजया का नव्हत्या, असं मला शाळेतल्या एका मुलीनं विचारलं होतं. कापूस विकायचा असायचा. तो घरात ठेवून पांघरणं परवडणाऱ्यांची घरं थोडी. शिवाय रजई धुता येत नाही, आतला कापूस गोळा झाला की पिंजाऱ्याला बोलावून, धनुकलीवर पिंजून पुन्हा भरावी लागते. गोधडी बाई एकटी शिवू शकते, एकटी धुऊ शकते. डिसेंबर-जानेवारीत परभणी-जालन्याकडं पारा कधीकधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. ती थंडी इथल्या पिढ्यांनी जुन्या कापडाच्या थरांवर काढली.

मी उसवायला बसले त्याच दिवशी समोरच्या मावशी आल्या. आत्याबाईंची आणि त्यांची लहानपणापासूनची मैत्री, दोघींनी मिळून कितीतरी वाकळा, म्हणजे गोधड्याच, शिवलेल्या. उंबऱ्यातूनच त्यांनी विचारलं, "काय करायलीस गं? उसवायलीस कामून?"

"चुण्या काढायच्यात, मावशी."

त्या खाली बसल्या, गोधडी मांडीवर ओढली आणि बराच वेळ बोटांनी चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळी उसवू नगो. जितं आवळलंय तितं उसव. बाकी तिचा हात ऱ्हाऊ दे."

माझा विचार वेगळा होता. पाठच आटलेली आहे, तर पाठ पूर्ण सोडवल्याशिवाय पोट सपाट होणार नाही, हे मी त्यांना दाखवलं. एका कडेची दोन हात लांब ओळ सोडवली. पाठ आणि पोट वेगळं झाल्याबरोबर वरचं कापड चार बोटं पुढं सरकलं. मावशींनी ते पाहिलं, आपल्या हातानं पुन्हा एकदा जुळवून पाहिलं आणि मान्य केलं. मग आमचं असं ठरलं की पाठ काढायची, आतले थर सारखे करायचे, आणि पोटावरचे जोड मात्र जिथं चुणी आहे तेवढेच उसवायचे. नीट बसलेला जोड वाकडा असला तरी त्याला हात लावायचा नाही.

उसवण्याचं काम घाईचं नाही. पाठीच्या बाजूनं दर वितीवर एक टाका कापायचा, सुईच्या बोथट बाजूनं दोरा उचलायचा आणि पोटाच्या बाजूनं हळूच ओढायचा. ब्लेड वापरलं तर काम लवकर होतं पण जुनं कापड सोबत फाटतं. विरलेल्या सुताला धार सोसत नाही. पोटाच्या तुकड्यांत एक तांबड्या बुट्ट्यांचा होता, त्याचं सूत इतकं जीर्ण की दोरा निघाल्यावर टाक्यांची भोकं तशीच उघडी राहिली. त्याच्या खालून आम्ही पातळ मलमलचा तुकडा लावला आणि भोकांच्या मधून नवा टाका घातला.

पाठ निघाली आणि आतले थर उघडे पडले. मला वाटलं होतं जुनेर असेल, आणि होतंही. खाली धोतराचा पट्टा, त्यावर दंड घातलेलं एक लुगडं. लुगडं मधे विरलं की विरलेला भाग काढून दोन धड तुकडे एकमेकांना जोडायचे, त्या जोडाला दंड म्हणतात. आमच्या सासूबाईंच्या पिढीतल्या बहुतेक बायांनी दंड घातलेली लुगडी नेसलेली आहेत. हे लुगडं गडद निळं, तांबड्या काठाचं. मावशींनी काठ ओळखला.

"हे बहात्तरच्या दुष्काळातलं. आमी दोघी खडी फोडायला होतो. पगार झाला की एकाच दिवशी घेतलेली दोघींनी. माझं कवाच फाटलं."

दुष्काळी कामावरच्या त्या वर्षाबद्दल त्या बोलत राहिल्या. सुकडी मिळायची, पाण्यासाठी विहिरीत उतरावं लागायचं, लेकरांना खडीच्या ढिगाआड सावलीला झोपवायचं. आत्याबाईंनी आम्हाला यातलं फार थोडं सांगितलं होतं. मी ऐकत होते आणि हातानं दोरे वेचत होते.

त्या लुगड्याखाली मधल्या फुग्याचं मूळ सापडलं. जाड खाकी कापडाची एक पिशवी, घडी न मोडता तशीच आत घातलेली. पिशवीवर तांबड्या दोऱ्यानं उलट्या-सुलट्या टाक्यात गावाचं नाव काढलेलं: मु. पो. आष्टी, ता. परतूर, जि. परभणी. 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका परभणीतून निघून जालन्यात आला. म्हणजे पिशवी त्याआधीची. यजमानांनी ती पाहिल्याबरोबर सांगितलं, ही माझ्या शाळेची. आत्याबाईंनीच शिवून, अक्षरं काढून दिली होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पाटीवर कुणीतरी लिहून दिलेली अक्षरं पाहून त्यांनी ती काढली होती. "परतूर"मधला दीर्घ ऊकार त्यांनी उलटा काढलाय.

पिशवी बाहेर काढून ठेवावी असं माझ्या मुलाला वाटत होतं. यजमान म्हणाले, तिनं आत घातली, आतच राहू दे. मग आम्ही पिशवीच्या शिवणी सोडवल्या, कापड उलगडून एकेरी केलं आणि पायथ्याकडच्या बाजूला, जिथं थर कमी होते तिथं अंथरलं. मधला फुगा तेवढ्यानं निम्मा बसला.

पाठीचं मांजरपाट आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवलं, पिळलं नाही, तसंच दोरीवर निथळत ठेवलं. त्याला अजून काही आटायचं असेल तर ते आताच आटू दे, हा हेतू. वाळल्यावर मापून पाहिलं तर पोटाच्या मानानं ते लांबीत कमी पडत होतं. ओढून ताणून बसवलं असतं तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच. म्हणून पायथ्याला एक पट्टा जोडला. त्यासाठी माझी एक जुनी सुती साडी काढली, कितीदा तरी धुतलेली. कोरं कापड या कामाला नकोच.

पोटावरच्या चुण्यांचं काम सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेलं आणि सगळ्यात जास्त आनंदही त्यातच मिळाला. जिथं दोरा आवळला होता तिथं दोरा बदलला, काम संपलं. जिथं तुकडा मोठा होता तिथं आम्ही दोन उपाय केले. सुती तुकडा असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबून धरायची, घासायची नाही. वाफेनं कापड थोडं आखडतं आणि लहानसा फुगा मुरून जातो. फुगा मोठा असेल तर जोडाची एक बाजू सोडवायची, जास्तीचं कापड कडेला आणायचं आणि तिथं शिवणीत दाबून टाकायचं. पॉलिस्टरला यातलं काही चालत नाही. इस्त्री जास्त गरम झाली तर ते वितळून चिकटतं. तिथं कातरायलाच हवं.

जिथं कापड कमी पडून ओढ बसली होती तिथं कळी टाकली. जोड थोडा उसवायचा, तोंड उघडतं तेवढं उघडू द्यायचं, आणि त्या उघडलेल्या तिकोनात मावेल एवढा तुकडा बसवायचा. मावशी माप घेत नाहीत. त्या उघड्या तोंडावर चिंधी ठेवतात, अंगठ्यानं कड दाबतात, दाबलेल्या खुणेवरून अर्धं बोट सोडून कातरतात. मी एकदा मोजपट्टीनं त्यांचं माप तपासलं. दोन्ही बाजू दोऱ्याचाही फरक न पडता सारख्या होत्या. परकराच्या उरेप कळ्यांना मात्र मागून सरळ धाग्याचं अस्तर लावलं, म्हणजे पुढं त्या लांबणार नाहीत.

मग पाठ खाली, थर मधे, पोट वर, असं सगळं पुन्हा मांडलं. ओसरीची फरशी पुसून घेतली. चारी कोपऱ्यांवर डाळीचे डबे, कडांना पाटा, वरवंटा आणि अंगणातले दोन गुळगुळीत दगड. इथं मावशींचा आणि माझा खरा वाद झाला. त्यांच्या पद्धतीनं गोधडी कडेनं सुरू होते. बाहेरून एक फेरी, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, असं करत चौकोन लहान होत मध्यावर संपतो. मला भीती अशी की प्रत्येक फेरीत कापड जरासं आत ढकललं जातं आणि सगळी ढकल शेवटी मधे जमा होते. मी मधून सुरुवात करू म्हणत होते. मावशींना ते अजिबात रुचलं नाही. मधून सुरू केलेली वाकळ त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि आत्याबाईंची वाकळ तशी शिवणार नाही, असं त्यांनी ठाम सांगितलं.

शेवटी दोघींचंही झालं. आधी मधल्या बिंदूपासून कडेकडं, आठही दिशांना, लांब लांब कच्चे टाके घातले. प्रत्येक टाक्यागणिक तळहातानं थर बाहेरच्या बाजूला निपटत गेलो. सगळं जागच्या जागी बांधलं गेल्यावर मग मावशींनी कडेनं फेरी धरली. कच्च्या टाक्यांनी धरलेलं कापड आत ढकललं गेलं नाही. मला हे जास्त बरोबर वाटतं: पक्की शिवण जिथून हवी तिथून करा, पण त्याआधी थर मधून बाहेर बांधून घ्या. मावशी हे मान्य करत नाहीत. त्यांच्या मते हात सारखा असेल तर कच्चे टाके लागतच नाहीत, आणि त्यांच्या हाताकडं पाहिलं तर त्यांचंही खरं आहे.

शिवताना त्यांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "टाका वढायचा नस्तोय, बसवायचा असतोय." सुईवर चार-पाच टाके घ्यायचे, दोरा काढायचा, आणि प्रत्येक वेळी ओळीवरून अंगठा फिरवायचा, म्हणजे दोरा जितका सैल हवा तितका सैल होतो. माझी सवय दोरा शेवटपर्यंत खेचून घ्यायची, मशीनच्या टिपेसारखी घट्ट दिसावी म्हणून. गोधडीला ते नको असतं. अंगावर घेतल्यावर ती वाकली पाहिजे, दुमडली पाहिजे. दोरा घट्ट असेल तर दुमडताना एकतर दोरा तुटतो नाहीतर कापड फाटतं. दोराही सुतीच घ्यावा. नायलॉनचा दोरा तुटत नाही, म्हणून तो जुनं कापड कापतो. सुती दोरा आधी स्वतः तुटतो, आणि तुटलेला टाका पुन्हा घालता येतो. परतूरच्या बाजारात मला हवा तसा जाड सुती दोरा मिळाला.

शिवण पुढं सरकली तशी कापडावर बारीक बारीक लाट उठली. मुलगा म्हणाला, अजून चुण्या राहिल्याच की. ही चुणी नव्हे. धावदोऱ्याच्या दोन टाक्यांमधे कापड किंचित वर येतं, ती गोधडीची खरी ठेवण. बंगालातल्या कांथ्यावरही हीच लाट असते आणि तिच्यामुळेच थरांमधे हवा धरली जाते, ऊब राहते. चुणी एका जागी थर गोळा करते, लाट सगळीकडं सारखी असते. डोळे मिटून हात फिरवला तरी फरक कळतो.

चारी कोपऱ्यांवर आत्याबाईंनी रंगीत चिंध्या तिकोनी दुमडून बसवल्या होत्या. एकावर एक तीन-तीन तिकोन. दोन कोपरे आत वळले होते ते कडेच्या ओढीनं, त्यात या तिकोनांचा काही दोष नव्हता, म्हणून ते तसेच ठेवले. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या बाजूला सिद्दी समाजाच्या बाया कवंदी नावाची गोधडी शिवतात, त्यांच्याही कोपऱ्यांवर असेच दुमडलेले तिकोन असतात. त्याला त्या फूल म्हणतात, आणि फुलाशिवायची कवंदी त्या पूर्ण झालेली मानत नाहीत. शतकांपूर्वी आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज, त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीचा बराच भाग आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायांच्या गोधड्याही मी फोटोत पाहिल्या आहेत. कापसाच्या मळ्यात गुलाम म्हणून राबवलेल्या माणसांच्या त्या लेकी-नाती. नवऱ्याच्या कामावरच्या पँटी, पिठाच्या पिशव्या, फाटके सदरे यांच्या गोधड्या त्यांनी थंडीसाठी शिवल्या. 2002 साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या आणि 2006 साली त्यांच्यावर अमेरिकेनं टपाल तिकिटं काढली. त्यातल्या कितीतरी गोधड्यांच्या रेघा वाकड्या आहेत. त्या तशाच ठेवून लोकांनी त्यांचं मोल जाणलं, याचा मला फार आधार वाटला, कारण पुढचा निर्णय मला एकटीला घ्यायचा होता.

उशाकडच्या एका कोपऱ्यात आत्याबाईंच्या अगदी शेवटच्या ओळी होत्या. टाके मोठे होत गेलेले, ओळ खाली उतरत गेलेली, एका जागी तर ती आधीच्या ओळीवरून गेलेली. त्या कोपऱ्यात चुणी नव्हती. पाठ काढताना तेवढा कोपरा आम्ही मुद्दाम पाठीसकट जोडलेलाच ठेवला होता, आणि धुतलेलं मांजरपाट त्याच्या कडेला आणून जोडलं. मावशींनी विचारलं, हे सरळ करायचं का. मी नाही म्हटलं. झोपणाऱ्याला त्याचा काही त्रास नाही, आणि ते टाके त्यांनी न बघता घातलेले आहेत. दुरुस्ती म्हणजे दुसऱ्याच्या हाताचं काम पुसून आपलं लिहिणं नव्हे, असं मला वाटतं. जे झोपू देत नाही तेवढं काढायचं.

कडेनं शेवटी इरकलीच्या जुन्या काठाची मगजी फिरवली. काठ मावशींनी आपल्या घरून आणला, कुणाच्या लुगड्याचा ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

जाऊबाईंनी गोधडी पाहिली, कोपऱ्यातल्या त्या उतरत्या ओळींवर हात ठेवला आणि ट्रंकेचा विषय पुन्हा काढला नाही. थंडीत त्यांचा मुलगा छत्रपती संभाजीनगरहून सुट्टीला आला तेव्हा त्यांनीच ती त्याला दिली. सकाळी त्याला विचारलं, टोचली का रे? तो म्हणाला, पायाकडं जरा जड आहे. तिथं खाकी पिशवीचं जाड कापड आहे, ते जडच लागणार.

आता गल्लीतल्या एका सूनबाईंनी आपल्या आईची गोधडी आणून ठेवली आहे. तीही आखडलेली, सगळी पॉलिस्टरच्या साड्यांची, पाठीला कोरी चादर. मावशींनी चाचपून सांगितलंय की पाठ काढावी लागेल. मी सूनबाईंना जुनं सुती कापड शोधायला सांगितलं आहे, पाणी दाखवून, उन्हात वाळवून आणा म्हटलं. तूर निघाली की बसू.